बंद ताटी आणि बाहेरचा आवाज
हारुकी मुराकामी यांच्या ‘अंडरग्राउंड’ या ग्रंथाचे परिशीलन

परमार्थाच्या वाटेला लागलेला मनुष्य खुनाच्या वाटेला कसा लागतो, हा प्रश्न साधकांच्या मासिकात विचारणे प्रथम विचित्र वाटेल. लोभ्याने लोभापायी, क्रोध्याने क्रोधापायी हत्या करावी, हे आपल्याला समजते. षड्रिपूंचे वर्णन आपण कीर्तनात ऐकतच असतो. पण ज्याने पैसा सोडला, घर सोडले, जिभेचे चोचले सोडले, जो पहाटे ध्यानाला बसतो आणि झुरळही मारायला धजत नाही, त्याने सकाळी कामावर निघालेल्या अनोळखी माणसांवर विष सोडावे, हे कोणत्या रिपूचे काम? टोकियो शहरात २० मार्च १९९५ रोजी नेमके हेच घडले.

त्या सकाळी आठच्या सुमारास भुयारी रेल्वेच्या तीन मार्गांवर पाच गाड्यांत पाच माणसे होती. प्रत्येकाजवळ वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि टोक घासून अणकुचीदार केलेली छत्री होती. पिशव्यांत सारिन हे महाविषारी द्रव्य होते. पिशवी पायाशी टाकायची, छत्रीच्या टोकाने भोसकायची आणि पुढच्या स्थानकावर उतरून जायचे, एवढेच काम. त्या हल्ल्याने तेरा माणसांचे प्राण घेतले, हजारो माणसे जायबंदी केली. त्या पाच जणांत एक हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता. आणखी दोघे टोकियो आणि वासेदा या नामांकित विद्यापीठांत भौतिकशास्त्र शिकलेले होते. सारे ओम् शिनरिक्यो या पंथाचे दीक्षित साधक. पंथाच्या नावातच ‘ओम्’ होता. योग, ध्यान, कर्म, मोक्ष, गुरुकृपा ही त्यांची रोजची भाषा होती, म्हणजे आपल्याच घरची. त्यामुळे दूर जपानात काहीतरी झाले, असे म्हणून हे पान आपल्याला उलटता येत नाही.

या घटनेवर प्रसिद्ध जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांनी ‘अंडरग्राउंड’ हा ग्रंथ लिहिला, तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. ही कादंबरी नाही. त्या सकाळी गाडीत किंवा फलाटावर असलेल्या साठाच्या आसपास माणसांना भेटून, त्यांचे बोलणे ऐकून घेऊन त्यांनी ते लिहून काढले. पुढच्याच वर्षी त्यांनी या पंथातल्या आजी-माजी आठ साधकांच्या मुलाखतींचा दुसरा भाग काढला. इंग्रजीत हे दोन्ही भाग थोडे संक्षिप्त करून २००० साली एकत्र आले. माणूस अतिरेकाकडे कसा जातो यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तरीही साधकाने वाचावा असा हा ग्रंथ आहे, कारण त्याचा विषय बंदुका आणि कारस्थाने नसून साधना हा आहे. मात्र तो जेथे थांबतो, तेथून पुढे काही बोलणे आपल्याला भाग आहे.

ग्रंथाचा पहिला गुण त्याच्या क्रमात आहे. हल्ल्यानंतर जपानमधील वर्तमानपत्रे आणि दूरदर्शन वाहिन्या पंथाच्या गुरूने, त्याच्या शिष्यांनी, त्यांच्या विचित्र विधींनी भरून गेल्या होत्या. मेलेली आणि जखमी झालेली माणसे केवळ आकडा बनून राहिली. मुराकामी यांनी हे उलटे केले. आधी पीडित, मग पंथ. पीडितांतही आधी माणूस, मग जखम. कोण कोठे जन्मला, किती वाजता उठतो, कोणत्या डब्यात चढतो, घरी कोण आहे, हे सारे विचारून झाल्यावरच त्या सकाळची हकिगत सुरू होते. वाचताना प्रथम हे पाल्हाळ वाटते. थोड्या वेळाने ध्यानात येते की हल्ला करणाऱ्यांना जे दिसलेच नव्हते, ते लेखक आपल्याला दाखवतो आहे. त्यांना डब्यात ‘पापी जग’ दिसत होते. त्या डब्यात प्रत्यक्षात कोणाचा नवरा होता, कोणाची मुलगी होती, सुट्टी न घेता कामावर निघालेला कोणी कारकून होता.

त्यांच्यात एक तरुणी होती. विषाने तिच्या मेंदूला इजा झाली. तिचे बोलणे, चालणे, मागच्या आठवणी गेल्या. मुराकामी तिला रुग्णालयात भेटले, तेव्हा एकेक शब्द उच्चारायला तिला किती कष्ट पडत होते आणि तिचा भाऊ कामावरून सुटल्यावर कसा तिच्याकडे जात होता, हे त्यांनी फार संयमाने लिहिले आहे. ती पंचवीस वर्षे अशीच जगली आणि २०२० साली वारली. मृतांची संख्या त्या दिवशी चौदा झाली. एका पिशवीचे भोक पंचवीस वर्षे वाहत राहिले.

दुसरा गुण असा की, पंथातल्या साधकांचेही बोलणे मुराकामी यांनी तितक्याच शांतपणे ऐकले आहे. ते त्यांचे समर्थन करत नाहीत. मधूनमधून त्यांच्याशी वादही घालतात. पण त्यांना राक्षस ठरवून मोकळे होत नाहीत. हे आठही जण हल्ल्यात सामील नव्हते. त्यांचे बोलणे वाचले की आपल्या ओळखीची मुले डोळ्यांपुढे येतात. लहानपणापासून एकटी, पुस्तकांत रमणारी, मृत्यू म्हणजे काय, मी कशासाठी जन्मलो, असे विचारणारी. घरी उत्तर नाही, शाळेत उत्तर नाही, कचेरीत तर प्रश्नच नाही. पंथात गेल्यावर कोणीतरी त्यांचा प्रश्न प्रथमच ऐकून घेतला आणि लगोलग उत्तरही दिले. लोभ किंवा मूर्खपणा त्यांना तेथे घेऊन गेला नाही. तळमळ घेऊन गेली. आपण ज्या मुमुक्षुत्वाला साधनेचा पाया मानतो, तेच.

आता लेखकाचा सिद्धांत पाहू. मुराकामी म्हणतात की, प्रत्येक माणूस स्वतःविषयीची एक कथा मनात वागवत जगतो. ही कथा स्वतःची स्वतः घडवावी लागते आणि त्यात कष्ट असतात, संशय असतो. ज्यांना तो भार पेलत नाही, ते आपले ‘मी’पण दुसऱ्याच्या हाती देतात आणि बदल्यात त्याची तयार कथा घेतात. असाहारा शोको या गुरूने आपल्या शिष्यांना अशी एक कथा दिली. ती ओबडधोबड होती, बाहेरच्याला हास्यास्पद वाटावी अशी होती, तरी शिष्यांना ती पुरली. विद्वान माणसे तिला का भुलली हे सांगताना ते १९३० च्या दशकात मांचुरियात नवे राज्य उभारायला गेलेल्या हुशार जपानी तंत्रज्ञांची आठवण देतात. त्यांनाही आपल्या विद्येसाठी मोठे ध्येय हवे होते; ते ध्येय कोणाच्या रक्तावर उभे राहते, हे त्यांनी पाहिले नाही.

लेखक येथे थांबत नाही, तो आरसा वाचकाकडे वळवतो. १९९० च्या निवडणुकीत या पंथाने पंचवीस उमेदवार उभे केले होते. ते सारे पडले. त्या वेळी पांढऱ्या वस्त्रांतले, गुरूच्या चेहऱ्याचे मुखवटे घातलेले अनुयायी रस्त्यावर नाचत-गात प्रचार करताना मुराकामी यांनी पाहिले आणि नकळत मान फिरवली. ते विचारतात, मी मान का फिरवली? त्या माणसांत मला माझेच काही नको असलेले दिसले का? आणि तुम्ही, वाचकहो, आपल्या ‘मी’चा एखादा तुकडा कोणाला तरी देऊन बदल्यात एखादी तयार कथा घेतलेली नाही ना? हा प्रश्न या ग्रंथाचे मोल वाढवतो. तो आपल्यालाही लागू आहे, हे पुढे पाहू.

परंतु सिद्धांताशी आमचा मतभेद आहे. मुराकामी यांच्या मांडणीत दोष येतो तो ‘मी’ देऊन टाकण्यात. तसे असेल तर भक्तिमार्ग सारा दोषी ठरेल, कारण अहंकार ईश्वराच्या पायी ठेवणे हीच तर भक्ती. शरणागती आपल्याकडेही आहे आणि तिच्यातून सातशे वर्षे अतिरेकी निपजले नाहीत; दळण दळणारी, मडकी घडवणारी, भाजीचा मळा शिंपणारी माणसे निपजली. म्हणजे प्रश्न शरण जाण्याचा नाही. शरण गेलेल्या माणसाचे बाकीचे जगणे कोठे जाते, हा खरा प्रश्न आहे. शरणागतीनंतर त्याचा प्रपंच शाबूत राहतो का? त्याला टोकणारी माणसे त्याच्यापर्यंत पोचू शकतात का? गुरूवर कोणाचा वचक आहे का? मुराकामी यांच्या ग्रंथात या प्रश्नांची उत्तरे पुरेशी सापडत नाहीत. त्याचे एक कारण साधे आहे. त्यांनी ज्या साधकांना विचारले, त्यांना आतल्या खुनांची खबरच नव्हती. आज्ञापालनापासून खुनापर्यंतची पायरी या ग्रंथातून दिसत नाही. ती दिसते पंथाचा इतिहास पाहिल्यावर.

असाहाराचा जन्म १९५५ चा, क्यूशू बेटावरच्या गरीब घरातला. एका डोळ्याने अंध, दुसऱ्याने अधू. अंधशाळेत वाढला, पुढे औषधोपचाराचा धंदा केला, बनावट औषधे विकल्याबद्दल १९८२ साली त्याला अटक झाली. १९८४ मध्ये त्याने एक छोटा योगवर्ग सुरू केला. दोन वर्षांनी हिमालयात आपल्याला परमज्ञान झाले असे तो सांगू लागला. येथवर बिघडले काही नव्हते असे वाटेल. असे वर्ग आणि असे दावे जगात पुष्कळ आहेत. मग दीक्षा आली. दीक्षा घेणाऱ्याने घर सोडायचे, सारी मालमत्ता पंथाला द्यायची, आप्तांशी संबंध तोडायचा. झोप थोडी, आहार थोडा, कानांत गुरूचा आवाज ध्वनिफितीवरून तासन्‌तास. गुरूच्या मेंदूतील लहरी आपल्या मेंदूत याव्यात म्हणून विजेच्या तारा लावलेली टोपी डोक्यावर. गुरूच्या रक्ताचेही तीर्थ विकले गेले.

पहिला मृत्यू अपघाताचा होता. सप्टेंबर १९८८ मध्ये फूजी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या केंद्रात एक अनुयायी भ्रमिष्टासारखा वागू लागला. त्याला ताळ्यावर आणण्यासाठी थंड पाण्यात बुडवण्यात आले आणि त्यात तो दगावला. त्या वेळी सरकारदरबारी पंथाला धर्मसंस्था म्हणून मान्यता मिळवायची होती. बोभाटा झाला तर ती मिळणार नाही, म्हणून प्रेत गुपचूप जाळले. हा प्रसंग ज्याला ठाऊक होता, असा एक साधक पुढे पंथ सोडून जायचे म्हणू लागला. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला गळा आवळून मारले. हा पहिला खून. आणि तो बाहेरच्या शत्रूचा नव्हता, घरी परत निघालेल्या साधकाचा होता, हे ध्यानात ठेवावे. ऑगस्ट १९८९ मध्ये पंथाला मान्यता मिळाली.

त्याच सुमारास, आपली मुले परत मिळावीत म्हणून आईबाप धडपडत होते. साकामोतो त्सुत्सुमी नावाचे तरुण वकील त्यांची बाजू लढवत होते. गुरूच्या रक्तातील अलौकिकत्वाचा दावा खरा आहे का, असे त्यांनी पंथाला रोखठोक विचारले. नोव्हेंबर १९८९ मध्ये पंथाच्या माणसांनी रात्री घरात शिरून ते वकील, त्यांची पत्नी आणि एक वर्षाचा मुलगा, तिघांनाही ठार केले. त्यांचे देह सापडायला १९९५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. १९९४ च्या जूनमध्ये मात्सुमोतो गावात सारिनचा प्रयोग झाला, तेथेही माणसे मेली. टोकियोचा हल्ला हा या मालिकेतला नंतरचा मणी. पोलिसांचा छापा येणार असा सुगावा लागल्यावर लक्ष वळवण्यासाठी तो घडवला गेला.

आता या मालिकेतला दोरा पाहा. एक मृत्यू लपवला, तो लपवायला दुसरा केला, तो उघड होऊ नये म्हणून तिसरा. पण नुसत्या लपवालपवीने साधकाचे हात खुनाला उठत नाहीत. त्यासाठी शास्त्र लागते. तिबेटी बौद्ध परंपरेत ‘पोवा’ नावाचा एक विधी आहे. मरणाऱ्याचे चित्त चांगल्या गतीला जावे म्हणून करुणेने करायचा हा विधी. असाहाराने त्याचा अर्थ फिरवला. हा माणूस जगला तर आणखी पाप करील आणि अधिक खालच्या गतीला जाईल. तेव्हा त्याला आत्ताच वर पाठवणे यात त्याचेच कल्याण आहे. खून हा शब्दच त्यांच्या बोलण्यातून गेला, ‘पोवा’ उरला. ज्या डॉक्टरने जन्मभर माणसे वाचवली, त्याने डब्यात बसल्यावर समोरच्या लोकांकडे पाहिले, त्याचे मन कचरले. तरी त्याने छत्री टेकवलीच. त्याने सोडलेल्या विषाने रेल्वेचे दोन कर्मचारी गेले. पुढे त्याने सारे कबूल केले आणि त्याला फाशीऐवजी जन्मठेप झाली. गुरूसह तेरा जणांना २०१८ च्या जुलैमध्ये फाशी देण्यात आली.

आमच्या मते अतिरेकाची पायरी येथे आहे. दुसऱ्याचे दुःख हेच त्याचे हित आहे, असे सांगणारा अर्थ ज्या दिवशी साधकाला गोड वाटू लागतो, त्या दिवशी त्याची करुणाच त्याच्यावर उलटते. मग क्रोधाची गरज उरत नाही. प्रेमानेच मारता येते. म्हणून आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे की, षड्रिपूंना ओलांडले म्हणून माणूस सुरक्षित होत नाही. आपण ओलांडले, असे वाटण्यात सातवा रिपू दडलेला असतो.

येथे कोणी म्हणेल, मग गुरू, दीक्षा, पंथ ही सारी भानगडच नको. मुलांना विज्ञान शिकवा म्हणजे झाले. हा पूर्वपक्ष वजनदार वाटतो, पण त्या पाच जणांची शिकवणी पाहिली की तो गळून पडतो. विज्ञान त्यांना येत होते. सारिन विज्ञानानेच तयार झाले. दुसरा पूर्वपक्ष मुराकामी यांचा. वाईट कथेला चांगली कथा हे उत्तर, म्हणून लेखकावर जबाबदारी आहे, असे ते म्हणतात. हे खरे आहे, पण अपुरे आहे. त्या साधकांनी पुस्तके थोडी का वाचली होती? चांगली कथा हातात असूनही, ती ज्याच्याबरोबर बसून वाचावी असा सोबती नसेल, तर माणूस तिच्यातूनही आपल्याला हवे तेच काढतो. संतांनी ग्रंथाआधी संगत सांगितली, ती याकरिता.

आपल्या परंपरेत या विषयावरची एक मोठी हकिगत आहे, आणि आपण ती इतक्या वेळा ऐकतो की तिचा हा अर्थ निसटतो. विठ्ठलपंत पत्नीला सोडून काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. पुढे त्यांचे गुरू आळंदीला आले, रुक्मिणीबाईंनी नमस्कार केला, गुरूंनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला आणि तिच्याकडून सारा उलगडा झाला. तेव्हा गुरूंनी काय केले? आपला शिष्य, आपली दीक्षा, आपला मान, यांपैकी कशाचीही तमा न करता त्यांनी शिष्याला घरी परत पाठवले. घरचे माणूस रडते आहे, एवढे कळताच ज्याने शिष्याला दाराबाहेर काढून घराकडे लावले, तो गुरू. आणि आईबाप रडत दाराशी आले असता, त्यांची बाजू मांडणाऱ्या वकिलाचे कुटुंब ज्याने संपवले, तोही गुरूच म्हणवून घेत होता. दोघांची पारख करायला मोठे शास्त्र लागत नाही. शिष्याला घराकडे पाठवतो की घरापासून तोडतो, एवढे पाहावे.

पण हकिगतीचा उत्तरार्ध आपल्याला खाली मान घालायला लावणारा आहे. गुरूने परत पाठवले, समाजाने मात्र दार लावले. त्या दांपत्याला देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले, असे परंपरा सांगते. चार पोरकी लेकरे मागे राहिली. आजच्या भाषेत सांगायचे तर, सूडाने पेटून उठायला याहून मोठे कारण कोणते असते? अपमान होता, अन्याय होता, बुद्धी तर असामान्य होती. एखाद्याने या मुलांच्या कानाशी लागून ‘या गावाचा सूड घ्या’ म्हटले असते, तर? तसे झाले नाही, याचे श्रेय आपण अवतारकार्याला देतो. परंतु ताटीच्या अभंगांच्या मागची हकिगत आठवा. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेर धाकटी बहीण उभी राहिली. तिने त्यांच्या दुःखाला खोटे म्हटले नाही, लोकांची बाजूही घेतली नाही. तू कोण आहेस याची तिने त्यांना आठवण दिली आणि ताटी उघडेपर्यंत ती बाहेरून हलली नाही.

माणूस अतिरेकी होतो तो प्रथम असाच ताटी लावून बसतो. आत दुःख खरे असते. आता दोनच गोष्टींवर पुढचे ठरते: ताटीच्या आत त्याच्या कानाशी कोण आहे आणि ताटीच्या बाहेर कोणी उभे आहे की नाही. जपानमधील त्या मुलांच्या बाहेर आईबाप उभे होते, पण त्यांचा आवाज आत जाऊ दिला गेला नाही आणि शेजारपाजाऱ्यांनी, सरकारने तो कानांवर घेतला नाही. हल्ल्यानंतर तर उलटेच झाले. पंथ सोडून आलेल्यांना नोकऱ्या मिळेनात, काही गावांनी त्यांची रहिवासी म्हणून नोंद घ्यायलाही नकार दिला. त्यांचा राग समजण्यासारखा होता. तरीही ज्याला परतीची वाट नाही, तो मागे कशाला फिरेल? मुराकामी यांच्या दुसऱ्या भागातील साधकांपैकी काहींना पंथात गेल्याचा पश्चात्ताप वाटत नाही, हे वाचून वाचक अस्वस्थ होतो. त्याचे एक कारण बाहेरच्या या बंद दारांतही आहे.

आता मुराकामी यांचा आरसा आपल्याकडे वळवू. आपला संप्रदाय गृहस्थांचा आहे. कीर्तनकार श्रोत्यांच्या आणि श्रोते कीर्तनकाराच्या पाया पडतात. गोरोबाकाकांनी संतमेळ्यात नामदेवांनाही कच्चे ठरवले आणि नामदेवांनी ते मानून विसोबांकडे धाव घेतली; देवाच्या लाडक्यालाही तपासून घेण्याची सोय आपल्या घरात आहे. ही मोठी पुंजी आहे. पण पुंजी आहे म्हणून ती वापरात आहेच असे नाही. महाराष्ट्राच्या मातीतही ताट्या लागतात. २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना सकाळच्या फेरफटक्याच्या वेळी गोळ्या घातल्या गेल्या. २०२४ साली न्यायालयाने त्या प्रकरणी दोन तरुणांना जन्मठेप दिली. २०१४ साली कल्याणची चार तरुण मुले घरी न सांगता इराकमध्ये लढायला निघून गेली. धर्म वेगळे, कारणे वेगळी. घरातल्या माणसांना पत्ता लागला तो सारे झाल्यावर, हे मात्र सारखेच.

म्हणून ज्याच्या गळ्यात माळ आहे त्याने काही गोष्टी स्वतःशी तपासाव्यात. आपल्या गावातील सप्ताहात व्यासपीठावरून एखाद्या समूहाला किड्यामुंग्यांची उपमा दिली जाते, तेव्हा आपण टाळ वाजवत राहतो की नंतर कीर्तनकारांना बाजूला घेऊन ‘महाराज, हे बरे नव्हे’ असे म्हणतो? आपला मुलगा रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर कोणाचे बोलणे ऐकतो, हे आपल्याला ठाऊक आहे का. आणि ठाऊक असेल तर आपण मोबाईल हिसकावतो की त्याच्याशेजारी बसून ते बोलणे ऐकतो? एखाद्या महाराजांना प्रश्न विचारणे पाप आहे, असे आपणच लेकरांना शिकवत नाही ना? मठातील एखादी लहानशी गैरगोष्ट ‘संप्रदायाची बदनामी नको’ म्हणून झाकली जाते, तेव्हा फूजीच्या पायथ्याशी जाळलेले ते पहिले प्रेत आपल्याला आठवावे.

आणि जो चुकून दूर गेला आहे, त्याच्यासाठी पंगतीत एक पान मांडून ठेवावे. त्याने अपराध केला असेल तर न्यायालय त्याचे काम करील. त्यात कोणी आड येऊ नये. पण घरचे दार न्यायालयाच्या हाती नसते. वाद घालून कोणी परत येत नाही. वाद घालणारा आईबाप मुलाला आतल्या गुरूच्या आणखी जवळ ढकलतो. ‘तुझे म्हणणे मला पटत नाही, पण एकादशीला घरी ये, साबुदाण्याची खिचडी करते’, असे म्हणणाऱ्या आईचा आवाज ताटीतून आत जातो.

‘अंडरग्राउंड’ हा ग्रंथ वाचावा की नाही? अवश्य वाचावा, आणि पहिला भाग वगळून दुसऱ्यावर उडी मारू नये. त्या साठ माणसांची साधी दिनचर्या ओलांडून गेल्याशिवाय साधकांचे बोलणे वाचण्याचा अधिकार आपल्याला येत नाही. माऊलींनी ज्ञानेश्वरीच्या अखेरीस देवाकडे जे दान मागितले, त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढेच मागितले आहे. असाहारालाही जगातील पाप संपवायचे होते. त्याने पाप्यांना संपवायला घेतले. दोन मागण्यांतले हे अंतर आपल्या नित्याच्या हरिपाठानंतर लेकराबाळांना समजावून सांगावे, एवढे प्रत्येक घराला करता येण्यासारखे आहे.

रामकृष्णहरि.